घंटा वाजली की हातातलं काम तिथंच: मठातला दिवस कसा असतो?

पंपवाला_फोंडा

मी फोंड्यात पंप-मोटर दुरुस्तीची कामं करतो. गेल्या महिन्यात ख्रिस्ती सिस्टरांच्या एका मठातून फोन आला, विहिरीवरची मोटर पाणी ओढत नाही म्हणून. मठाचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. हा बंदिस्त मठ आहे. शाळा, हॉस्पिटलं चालवणाऱ्या सिस्टर आपल्याला बाजारातही भेटतात. इथल्या सिस्टर फाटकाबाहेर पडत नाहीत.

दाराशी भिंतीत एक गोल फिरतं लाकडी कपाट आहे. बाहेरून वस्तू ठेवायची, फिरवायचं, वस्तू आत जाते. ठेवणारा घेणाऱ्याला दिसत नाही. कपाटाआडून आवाज आला, "मेकॅनिक ना? बाजूच्या दाराने या." आत गेलो तर एक सिस्टर छोटी घंटी वाजवत माझ्यापुढे चालायला लागल्या. बाहेरचा माणूस येतोय, बाजूला व्हा, असा इतरांना इशारा. पालखीपुढे वाजंत्री असावी तशी माझी मिरवणूक निघाली, फक्त पालखीत तेलकट पान्यांची पिशवी.

मोटरच्या स्टार्टरमधला कपॅसिटर फुगला होता. विहिरीजवळच्या खोलीत उजेड कमी, म्हणून त्याच सिस्टर टॉर्च धरून उभ्या राहिल्या. साठीच्या असाव्यात. जुना कपॅसिटर काढला, नव्याची एक तार बसवली, दुसरी पक्कडीत धरलेली, टेप दातात. तेवढ्यात वर मोठी घंटा वाजली. सिस्टरनी टॉर्च विहिरीच्या कठड्यावर ठेवला, झोत नीट स्टार्टरवर पडेल असा, आणि चालू लागल्या. एक शब्द नाही.

वीस मिनिटांनी आल्या. टॉर्च उचलला आणि झोत बरोबर त्याच स्क्रूवर धरला जिथे मी अडलो होतो. मी म्हटलं, "सिस्टर, दोन मिनिटं थांबला असतात तर तार बसली असती." त्या म्हणाल्या, "त्या दोन मिनिटांनंतर अजून दोन मिनिटं लागली असती."

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. मी दुपारचं जेवणसुद्धा "एवढा एक नट" म्हणून तीन वाजवतो. यांचा दिवस नेमका कसा असतो? आणि मध्येच सोडून यांची कामं पुरी होतात कशी?

---

आगाशीची_सून

भाऊ, मी मूळची वसईची, लग्नानंतर मडगावात. माझी आत्या अशाच मठात (गोव्यात नव्हे) चाळीसेक वर्षं होती. वर्षातून एकदा भेटायला जायचो, मध्ये लोखंडी जाळी. त्यामुळे तिचा दिवस मला पाठ आहे.

मूळ धरा एका वचनाला. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत, ११९व्या स्तोत्रात, कवी म्हणतो की मी दिवसातून सात वेळा तुझी स्तुती करतो. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली, त्यात हे सात वेळा अक्षरशः घेतले आणि रात्रीची एक प्रार्थना वेगळी जोडली. त्याच्यावरूनच, थोड्याफार फरकाने, बाकीच्या संघांचंही (साधू-साध्वींच्या पंथांचंही) वेळापत्रक घडलं. पहाटेची लॉड्स, संध्याकाळची व्हेस्पर्स, झोपायच्या आधीची कॉम्प्लिन. मधल्यांना नुसते आकडे आहेत: पहिला, तिसरा, सहावा, नववा प्रहर. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा भाग, त्यातला एक म्हणजे हा प्रहर, म्हणून उन्हाळ्यात तो लांब आणि हिवाळ्यात आखूड. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने त्यातला "पहिला" काढून टाकला.

आत्याच्या मठात पहाटे पावणेपाचला उठणं, मग प्रार्थना, तासभर मौनचिंतन, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), आणि कुठे आठ वाजता हातात चहाचा कप. त्यानंतर काम. दुपारी प्रार्थना, जेवण. जेवताना कुणी बोलत नाही, एकजण उभी राहून काहीतरी वाचते. मग तासभर गप्पा. हो, गप्पा वेळापत्रकात आहेत! सोळाव्या शतकात कार्मेल संघाची सुधारणा करणाऱ्या संत तेरेसाने त्या मुद्दाम घातल्या, ती स्वतः हसरी बाई होती. मग पुन्हा काम, पुन्हा प्रार्थना, पुन्हा तासभर मौन. रात्रीच्या कॉम्प्लिननंतर सकाळपर्यंत बोलणं बंद, म्हणजे आग लागली तरच बोलायचं.

काम काय? आत्या ओस्ती करायची. मिस्सेत देतात ती पातळ गोल भाकर. फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. तापलेल्या दोन लोखंडी पाट्यांमध्ये पळीभर ओतून दाबायचं, कागदासारखा पापड निघतो. तो लगेच कापला तर तुकडे उडतात, म्हणून रात्रभर दमट जागी ठेवून मऊ करायचा आणि मग गोल काप पाडायचे. कडेचे उरलेले तुकडे आम्हा मुलांना जाळीतून मिळायचे. खरं सांगते, त्याला काहीच चव नसते आणि आम्ही भांडून खायचो.

आता तुमचा प्रश्न. पाट्या तापलेल्या असताना घंटा झाली तर? मी विचारलं होतं. म्हणाली, "आच बंद करायची. पीठ वाट बघतं." बेनेडिक्टच्या पाचव्या प्रकरणात हेच आहे, हातातलं अपुरं ठेवून उठायचं. जुन्या काळी लेखनिक साधू अक्षर अर्धं सोडून उठत, असंही ती सांगायची. तुमच्या सिस्टरनी तेच केलं, टॉर्चचा झोत मात्र तुमच्यासाठी ठेवला.

---

कुळागर

म्हणजे दर दोन-तीन तासांनी हातातलं काम टाकून सगळ्यांनी एका खोलीत जमायचं. आमच्या ऑफिसातही असंच चालतं, फक्त देव नसतो.

गंमत सोडा, भर घालतो. त्या "सहाव्या" प्रहराला लॅटिनमध्ये सेक्स्टा. त्यावरून स्पॅनिशमध्ये सिएस्ता. बेनेडिक्टने ४८व्या प्रकरणात लिहून ठेवलंय की उन्हाळ्याच्या दिवसांत सहाव्या प्रहराच्या प्रार्थनेनंतर जेवून आपापल्या बिछान्यावर पडा, आवाज करू नका. कुणाला वाचायचं असेल तर शेजाऱ्याला त्रास न होता वाचा. तेव्हा एक ते चार शटर खाली ओढणाऱ्या आमच्या म्हापशाच्या दुकानदारांना यापुढे कुणी सुशेगाद म्हणून हिणवू नये. ते नियम पाळतायत.

---

पंपवाला_फोंडा

@आगाशीची_सून ताई, "पीठ वाट बघतं" हे लिहून गॅरेजमध्ये लावतो.

@कुळागर 😄 पण मी एक ते चार उघडा असतो. बंद पडलेली मोटर झोपत नाही.

---

हणजूणकार

आमच्यात घरी मठ नसला तरी घंटा होती. आंजेलुस. सकाळी, बारा वाजता आणि तिन्हीसांजेला इगर्जेची (चर्चची) घंटा तीन-तीन-तीन अशी पडायची. आजोबा शेतात असले तर कोयता बाजूला ठेवून टोपी काढायचे. रात्री जेवणाआधी सगळे घरातल्या ओल्तारापुढे (देव्हाऱ्यापुढे) बसून तेर्स, आणि तेर्स संपला की लहानांनी मोठ्यांकडे एकेकाकडे जाऊन "बेसांव" (आशीर्वाद) मागायचा. झोप आलेली असायची, बेसांव मागता मागता आजीच्या मांडीवर कलंडायचो.

तेर्स हा शब्द पोर्तुगीज "तेर्सु", म्हणजे एक तृतीयांश. स्तोत्रं १५०. मठवासी ती म्हणत. साध्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही, त्याने १५० वेळा "नमो मारिया" म्हणावं, अशी रोजरी रूढ झाली. त्याचा तिसरा हिस्सा ५०, तो आमचा रोजचा तेर्स. थोडक्यात, आमच्या घरच्या तेर्सात मठाचंच वेळापत्रक आहे, गरिबाला परवडेल एवढं.

---

परवचा

सुंदर धागा. माझी आजी (डिचोलीची) दिवेलागणीला तुळशीपुढे समई लावून आम्हाला परवचा म्हणायला बसवायची. बारा वाजता नैवेद्य झाल्याशिवाय भाताला हात नाही. पण ते एका घराचं. रोज ठरल्या प्रहरांना सगळ्यांनी मिळून म्हणायचं, हे मला सप्ताहाच्या जवळचं वाटतं. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास भजन अखंड, पथकं बदलतात पण सूर खाली पडत नाही. मी तीन वर्षं पहाटेच्या पाळीला टाळ धरलाय. पहाटे चारला डोळे मिटत असतात आणि तोंड आपोआप चालू असतं.

ख्रिस्ती मठात म्हणतात कसं? सगळे एका सुरात की एक सांगणार आणि बाकीचे झेलणार?

---

आगाशीची_सून

@परवचा दोन बाजू असतात. प्रार्थनेच्या खोलीत समोरासमोर दोन रांगा. एक ओळ डावीकडचे म्हणतात, पुढची उजवीकडचे. आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक थांबा, श्वासाएवढा. पुस्तकात तिथे चांदणीची खूण छापलेली असते. नवीन मुलीची पंचाईत तिथेच होते, सगळ्या थांबतात आणि हिचा एकटीचा आवाज घुमतो. आत्या म्हणायची की पहिलं वर्ष मी फक्त थांबायला शिकले.

१५० स्तोत्रं बेनेडिक्टने आठवड्यात बसवली. वर टोमणा मारलाय की आपले पूर्वज एका दिवसात म्हणायचे, आपण आळशी, निदान आठवड्यात तरी संपवूया. आता बहुतेक ठिकाणी चार आठवड्यांत फिरतात. तो बघायला नाही हे बरं.

---

रोखठोक_२

सगळं गोड वाटतंय. पण पोट कोण भरतं? दिवसातले सहा-सात तास प्रार्थना, बाकीचे देणगीदार बघून घेणार. हे सर्वधर्मीय मठांना लागू, कुणी भावना दुखावून घेऊ नयेत.

---

जुनेंगोंय

@रोखठोक_२ यांच्या प्रश्नाला उत्तर देतो, पण ते सगळ्यांनाच थोडं टोचेल.

नियमावली तुमच्याच बाजूची आहे. ४८वं प्रकरण: आळस हा आत्म्याचा शत्रू. आणि पुढे, स्वतःच्या हातच्या कामावर जगतील तेव्हाच ते खरे साधू. हे कागदावर. आता आपल्या जुन्या गोव्यात या.

मोन्ते सांतो, म्हणजे पवित्र टेकडीवर सांता मोनिकाचा मठ आहे. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १६०६ साली सुरू केला, १६२७ ला बांधून पुरा. ऑगस्टिनियन संघाच्या स्त्रियांचा. तीन मजली, जांभ्या दगडाचा, भिंतींना बाहेरून प्रचंड टेकू. १६३६ ला आग लागली, पुन्हा बांधला. आत येणारी मुलगी हुंडा घेऊन यायची, आणि शहराचा पैसा मठात चाललाय अशी नगरपालिकेची ओरड होती. आत दोन वर्ग होते. काळ्या ओढणीच्या, म्हणजे घंटेला जाऊन लॅटिन स्तोत्रं म्हणणाऱ्या. पांढऱ्या ओढणीच्या, म्हणजे स्वयंपाक, धुणं, झाडलोट करणाऱ्या. शिवाय नोकर आणि गुलाम स्त्रियाही होत्या. प्रार्थना आणि काम हे दोन्ही होतं, पण एकाच बाईच्या वाट्याला बऱ्याचदा नव्हतं. मी तिथे फिरायला येणाऱ्या ओळखीच्यांना हे सांगतो तेव्हा चेहरे पडतात. त्यांना बेबिंकाची (थरांच्या गोव्याच्या गोड पदार्थाची) गोष्ट ऐकायची असते. (बिबियाना नावाच्या सिस्टरने इथेच बेबिंका शोधली ही दंतकथा आहे. छान आहे, कागद नाही.)

त्या शेजारचा पडका मनोरा सगळ्यांनी पाहिलाय. ४६ मीटर. तो संत ऑगस्टिनच्या पुरुषांच्या मठाच्या चर्चचा. हा संघ गोव्यात १५७२ ला आला. समोर खाली बॉम जेझूस चर्च, ते जेझुइट संघाचं. दोघांच्या दिवसात जमीन-अस्मानाचा फरक. जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस, त्याने आपल्या संघातून एकत्र जमून प्रहर म्हणायची सक्तीच काढून टाकली, माणूस कामाला मोकळा हवा म्हणून. तेव्हा प्रहराच्या घंटा वर टेकडीवर. खाली बॉम जेझूसमध्ये पाद्री आपापलं पुस्तक घेऊन एकेकटे म्हणायचे. रस्ता ओलांडला की दिवसाची रचना बदलायची.

मग १८३४. पोर्तुगालने फर्मान काढून पुरुषांचे सगळे मठ बंद केले, गोव्यात ते १८३५ ला लागू झालं. मनोऱ्याच्या चर्चचं छत १८४२ ला कोसळलं. त्याची घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढवली. त्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांवर फोटो काढताना वर बघा, ती टेकडीवरची आहे. सांता मोनिकाच्या बायकांना बाहेर काढलं नाही, पण नवीन कुणी घ्यायचं नाही असा हुकूम. म्हणजे रांगा दोन, आणि दरवर्षी एकेक जागा रिकामी. शेवटची सिस्टर १८८५ ला वारली. मी त्या लांब दालनात उभा राहतो तेव्हा नेहमी हाच हिशोब करतो. शेवटची काही वर्षं डावीकडची ओळ म्हटल्यावर उजवीकडून उत्तर द्यायला कोण असेल?

आज तिथे सिस्टरांच्या शिक्षणाची मातेर देई संस्था आहे आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालय. संग्रहालय जरूर बघा, तिकिटाचे पैसे वसूल.

---

चुलीपुढची

@जुनेंगोंय धन्यवाद, हे कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. मी वरचं सगळं वाचत होते आणि मनात एकच, घंटा झाली की काम टाकून जाणारी ती भाग्यवान, कारण मागे आच बंद करणारी कुणीतरी पांढऱ्या ओढणीची होती. आमच्या घरात मी पांढऱ्या ओढणीची. सासऱ्यांचं त्रिकाळ संध्यावंदन एकदाही चुकलं नाही. पळी-पंचपात्र घासणारे हात माझे.

अवांतर: भात लागत असताना कुणी देवाचं नाव काढलं तर मी देवालाही ओरडेन.

---

आगाशीची_सून

@चुलीपुढची ताई, पटलं. आत्यासुद्धा मठात गेली तेव्हा धुण्याच्या खोलीतच होती, शिक्षण कमी म्हणून. १९६५ मध्ये रोमहून फर्मान आलं की स्त्रियांच्या मठांत असे दोन वर्ग ठेवू नका. मग ती प्रार्थनेच्या खोलीत रांगेत बसायला लागली. तिने मला सांगितलेलं नाही, पण माझ्या वडिलांना पहिल्यांदा पत्र लिहिलं होतं त्या वर्षी, नुसतं "मला जागा मिळाली" एवढंच.

बेनेडिक्टला मात्र या बाबतीत पूर्ण दोष देऊ नका. त्याच्या ३५व्या प्रकरणात स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना, आठवड्याने बदलणारी. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने भांडी, पंचे स्वच्छ करून परत द्यायचे आणि सगळ्यांचे पाय धुवायचे. ३१व्यात लिहिलंय की मठाची भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपा. तेरेसाचंही एक वचन आहे, देव मडक्यांमधूनही फिरतो. आत्याचं ते आवडतं होतं. मला वाटतं ते धुण्याच्या खोलीतल्या वर्षांमुळे.

---

रोखठोक_२

माझा प्रश्न मागे घेत नाही, पण ओस्तीचा धंदा असतो हे माहीत नव्हतं. मान्य.

---

चुलीपुढची

@आगाशीची_सून शनिवारी सगळ्यांचे पाय धुवायचे, हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. "आपल्यात असं नसतं" म्हणाले. पण आज पंचपात्र स्वतः विसळलं. उद्याचं माहीत नाही.

---

परवचा

@जुनेंगोंय उजवीकडच्या रांगेचं वाचून टाळ आठवले. आमच्या पाळीला एकदा पावसात दोघेच पोचलो होतो. एक म्हणायचा, दुसरा झेलायचा. पहाटे चार ते सहा. बस, एवढंच.

---

पंपवाला_फोंडा

सगळ्यांना देव बरें करूं. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल पुन्हा गेलो होतो, फूटव्हॉल्व्ह बदलायला. त्याच सिस्टर, तोच टॉर्च. @जुनेंगोंय, मी धीर करून विचारलं की तुमच्यात काळी-पांढरी ओढणी असते का. हसल्या आणि हात दाखवले. बोटांवर विळीच्या खुणा. म्हणाल्या, "या आठवड्यात माझी पाळी."

विहिरीतला पाइप वर ओढून दोरखंडाने बांधला, जुना व्हॉल्व्ह सुटत नव्हता, गंज. पाना लावला आणि तो जरासा हलला, आणि घंटा. यावेळी मी पाना तिथेच अडकवून ठेवला आणि कठड्यावर बसलो. वरून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पण ओळीच्या मध्ये तो थांबा ऐकू आला, ताई म्हणतात तो. एक आवाज जरा पुढे गेला. कुणीतरी नवीन असेल.

सिस्टर आल्या, टॉर्च धरला, व्हॉल्व्ह एका हिसक्यात सुटला. गंजावर तेल सोडून वीस मिनिटं थांबलं की सुटतोच, त्यात चमत्कार नाही, धंद्यातली गोष्ट आहे. फक्त एरवी मी थांबत नाही.

पुढच्या महिन्यात टाकी साफ करायला बोलावलंय. साडेनऊला या म्हणाल्या. म्हणजे बाराच्या घंटेपर्यंत अडीच तास, आणि टाकी पाच हजार लिटरची. पोराला सोबत नेतो.